खाटकाच्या घरातली साध्वी

सिआंगबे गावात लिम खाटकाच्या घरावर एक विनोद ठरलेला होता. पुढच्या दारी पाप, मागच्या दारी पुण्य. पुढच्या ओट्यावर लिम डुकरं कापायचा आणि मागच्या पडवीत त्याची बायको स्यू क्वानयिन देवीपुढे माळ ओढत बसायची. लोक म्हणायचे, यमाच्या दरबारात या घराचा निवाडा करायची वेळ येईल तेव्हा तिथले कारकून डोकं धरून बसतील.

लिम हे ऐकून हसायचा. हसण्याची त्यानं सवयच करून घेतली होती. खरं तर त्या विनोदात मुळातच गोम होती. तो लिम नव्हता आणि ती क्वानयिनची भक्त नव्हती. तो शमसुद्दीन आणि ती मरजान. छुआनचौ बंदरातल्या परदेशी वस्तीत दोघं जन्मले, तिथंच वाढले, मशिदीतल्या काझीनं त्यांचा निकाह लावला. शमसूचा कुणी पणजा होर्मुझहून मिऱ्यांच्या जहाजावरून आला होता. पुढच्या सगळ्यांनी इथल्याच बायका केल्या, त्यामुळे शमसूचं नाक पार इथलं होऊन गेलं होतं. तेच नाक पुढे कामी आलं. आपणही त्याला लिमच म्हणू. दुसरं नाव त्याच्या स्वतःच्याही अंगाला लागेनासं झालं होतं.

त्या वस्तीत तो खाटीकच होता, पण बकऱ्याचा आणि बैलाचा. जनावराचं तोंड पश्चिमेला करायचं, अल्लाचं नाव घ्यायचं, एका हातासरशी सुरी फिरवायची आणि रक्त पुरतं वाहू द्यायचं, हे त्याला बापानं शिकवलं होतं. मरजानच्या बापाचं लोबानाचं दुकान होतं. त्या दुकानात कोण यायचं नाही? बुद्धाच्या मठातल्या भिक्षुणी यायच्या, तमिळ व्यापाऱ्यांच्या शिवाच्या देवळातला पुजारी यायचा, ताओवाले दाढीवाले यायचे, क्रूस घातलेले यायचे. सगळ्यांचे देव वेगळे, धूर एकच. बाप म्हणायचा, माणसं परलोकात काय खातात ते मला ठाऊक नाही, पण हुंगतात माझ्याच दुकानातलं.

मग शहराचं वाटोळं झालं. परदेशी फौजेनं बंड केलं, वर्षानुवर्षं आपसात आणि सरकारशी कापाकापी केली, आणि शेवटी बाहेरून सैन्य आलं. आलेल्यांनी बंडखोर कोण आणि लोबानवाला कोण हे बघण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्यांनी नाक बघितलं. उंच नाक, कुरळे केस दिसले की संपलं. कित्येक इथलेच बिचारे आपल्या नाकापायी मेले. मरजानचा बाप दुकानातच गेला. ही दोघं एका शिंपल्यांच्या होडीत लपून निघाली, तेव्हा तिला दिवस गेलेले होते.

होडी लागली सिआंगबेला. तिथल्या धक्क्यावर तान कारभाऱ्यानं एक युक्ती काढली होती. शहरातून येणाऱ्या प्रत्येकापुढे शिजवलेल्या डुकराची परात धरायची. खाल्लं तर गावात ये, नाही खाल्लं तर मागच्या खाजणात चल. खाजणावर त्या दिवसांत कावळे फार उतरत होते. तान काही राक्षस नव्हता. परदेश्यांना लपवलं म्हणून सैन्यानं गाव जाळू नये, एवढंच त्याला हवं होतं. पण भ्यालेला माणूस राक्षसापेक्षा काही बरा नसतो.

लिमनं खाल्लं. चावलं नाही, गिळलं. जीव वाचवायला खाल्लं तर माफ आहे असं काझी सांगायचा, हे तो मनात घोकत होता. परात पुढे सरकली, मरजानपुढे आली. त्याला वाटलं, संपलं. ही बाई मरेल पण खाणार नाही, आणि पोटातलं पोरही घेऊन जाईल. तेवढ्यात तिनं हात जोडले आणि म्हणाली, "मी पोटातल्या जिवासाठी क्वानयिनला नवस बोललेय. मांस-मच्छी, लसूण-कांदा, काही चालत नाही."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बापाच्या दुकानात येणाऱ्या बायकांचं बोलणं लहानपणापासून तिच्या कानावर पडलं होतं, तेच अचूक वेळेला तोंडात आलं. कुणीतरी संशयानं म्हणालं, हिचं नाक जरा उंच दिसतंय. त्यावर गर्दीतली एक म्हातारी तानवर धावून गेली. देवीचंही उंचच आहे, बघ जाऊन देवळात, आणि गरोदर बाईचा नवस मोडायला लावशील तर तुझ्या घरात पाळणा हलायचा नाही. तानानं परात मागे घेतली. दोघं गावात शिरली.

त्या रात्री म्हणे तो ओकला आणि ती हसली. पुढे आयुष्यभर या गोष्टीवरून त्यांची भांडणं होत राहिली. तू सुटलीस, मी गिळलं, असं तो म्हणायचा. ती म्हणायची, तुम्ही एकदा गिळलंत, मी रोज गिळतेय.

आणि ते खरंच होतं. नवस बाळंतपणापुरता ठेवायचा आणि मग हळूच सोडून द्यायचा असा तिचा बेत होता. पण झाला मुलगा, आणि तोही धडधाकट. गावानं ठरवून टाकलं की देवी पावली. आता पावलेल्या देवीचा नवस कोण सोडतो? आणि सोडला तर पहिल्याच सणाला पुढ्यात परात आली असती. मटणाच्या रश्श्यावर वाढलेली, समुद्रकाठची पोर, जिला मासळीचा वास आला की भूक लागायची, ती अळकुड्या आणि सोयाचं पनीर खात बसली. लसणाची फोडणीसुद्धा नशिबात नाही. गावात कुणाच्या चुलीवर मासा चढला की ती दार लावून घ्यायची. लोक म्हणायचे, बघा, साध्वीला वाससुद्धा सहन होत नाही.

लिमला सुरीशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि गावात सुरीचं काम म्हणजे डुकराचं. शिवाय डुकरं कापणाऱ्याचा संशय कोण घेणार? लपायला त्याहून चांगली जागा नव्हती. पण पहिल्याच दिवशी त्यानं घोळ घातला. डुक्कर आडवं केलं, गळ्यावर सुरी फिरवली आणि बापानं शिकवल्याप्रमाणे रक्त जमिनीवर वाहू दिलं. बायका टोपल्या-परड्या टाकून ओरडत धावल्या. अहो, रक्त! रक्ताच्या वड्या कशाच्या करायच्या? या भागात परात लावल्याशिवाय कुणी डुकराच्या गळ्याला हात लावत नाही. अर्धी मजा त्या रक्तातच असते. तान कारभारी उभा राहून बघत होता, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. कुठला रे खाटीक हा, ज्याला परात माहीत नाही?

मरजान पुढे झाली आणि तिनं चारचौघांत नवऱ्याची पूजा बांधली. "डोंगरातले आहेत आमचे हे. तिकडे रानडुक्कर मारतात नि जागेवर सोडतात. हजारदा सांगितलं, माणसांत आलात आता, माणसांसारखं कापा!" लोक हसले. तानही हसला. त्या दिवसापासून लिमनं परात कधी चुकवली नाही.

दुसरी चूक मात्र कुणाला दिसली नाही. सुरी फिरवताना त्याच्या जिभेवर सवयीनं अल्लाचं नाव येऊ लागलं होतं. डुकरावर! पहिला शब्द ओठाशी आला आणि त्यानं दात आवळले, इतके की जीभ फाटली. हे एकदाच झालं असतं तर बरं. पण सुरी हातात आली की जीभ वळायची, आणि जीभ वळली की तो दातांनी तिला धरायचा. कित्येक महिने तो दिवसभर तोंडातलं रक्त गिळत असे. मग हळूहळू दातच शहाणे झाले. जीभ हलायच्या आत ते मिटायला लागले. काझीनं माफी सांगितली होती ती एका वेळेची. सगळ्या जन्माचं काय, हे विचारायला आता काझी उरला नव्हता.

एकदा, फार वर्षांपूर्वी, मरजान तापातून उठली तेव्हा तो तिला सरपण गोळा करायच्या निमित्तानं रानात घेऊन गेला. झोळीत एक कोंबडा लपवून नेला होता. त्याचं तोंड पश्चिमेला केलं आणि मोठ्या हिमतीनं पूर्ण नाव घेऊन, रक्त वाहू देऊन त्याला कापला. निखाऱ्यावर भाजला. ती खाताना रडत होती आणि हाडं चोखत होती. मीठ कमी आहे म्हणाली. एवढं जिवावर उदार होऊन आणलं आणि हिला मीठ कमी! तो चिडला, मग दोघंही हसत सुटली. हाडं पुरली, झऱ्यावर तोंडं धुतली. संध्याकाळी मठातली भिक्षुणी मिआव-इन घरी आली, थोडा वेळ बसली, नाक मुरडलं, आणि लिमकडे बघून म्हणाली, अशा बाईच्या घरात तुम्ही असले वास आणता. त्यानं मान खाली घातली. मागे मरजान बाहीआड तोंड लपवून खोकत होती.

ही मिआव-इन टेकडीवरच्या मठातली थोरली. मनानं फार चांगली बाई होती, हेच तर दुर्दैव. मरजानवर तिचा जीव जडला होता. मठात येणाऱ्या बायकांना ती सांगायची, केस काढले म्हणजे वैराग्य येत नाही, वैराग्य बघायचं तर खाटकाच्या घरात जाऊन बघा. मरजान धूप ओळखण्यात एकदम तरबेज होती, भेसळ कुठली नि खरा लोबान कुठला हे वासावरून सांगायची. जहाजं यायची बंद झाल्यापासून खरा माल मिळत नव्हता, मठातही भुशाच्या कांड्या जळत होत्या. मिआव-इनला वाटायचं, हे ज्ञान मागच्या जन्मीचं. बायका मुलांना तिच्या पायावर घालायला आणू लागल्या. आधी मरजान घाबरायची, मग वैतागायची, मग तिला त्यांची माया लागली. कुणाचं पोर आजारी पडलं की ती खरोखर रात्रभर बसायची. देवीवर तिचा विश्वास नव्हता, पण बायकांचं दुःख खोटं नव्हतं.

मुलगा को-सेंग. त्याला काही सांगायचं नाही, हे दोघांनी तो पाळण्यात असतानाच ठरवलं. पोराच्या तोंडी काय येईल याचा नेम नाही. मोठा झाला की सांगू, म्हणाले. मोठा झाला तेव्हा म्हणाले, लग्न होऊ दे. तानच्या पुतणीशी लग्न झालं, तेव्हा म्हणाले, आता कशाला. को-सेंग बापापेक्षा सरस खाटीक झाला. परात लावावी तर त्यानं, एक थेंब बाहेर सांडत नसे. बापाला तो मान द्यायचा, पण आईचा त्याला अभिमान होता. माझी आई, असं म्हणताना त्याची छाती फुगायची.

नवरा-बायकोनं स्वतःसाठी एकच गोष्ट राखून ठेवली होती. गोठ्यामागे चढावर लिचीचं झाड होतं. तिथली माती मऊ होती आणि पश्चिमेला समोर मोकळं होतं. जो आधी जाईल त्याला दुसऱ्यानं तिथं ठेवायचं. न्हाऊ घालायचं, पांढऱ्या कापडात गुंडाळायचं, उजव्या कुशीवर निजवून तोंड पश्चिमेला करायचं. पेटी नको, पक्वान्नं नकोत, ढोल नकोत. बाहेर लोकांना काय सांगायचं तेही तिनं जमवून ठेवलं होतं. साध्वी बाई, साधं मरण.

"जगणं दिलं त्यांना," ती म्हणायची, "खाणं दिलं, नाव दिलं, पोरगं दिलं. मरण माझं मला पाहिजे. एवढं एक तुमच्याकडे मागते."

"मी आधी गेलो तर?"

"तुमची तुम्ही काळजी करू नका. तुमच्या वासानं कुणी जवळ येणार नाही, मी निवांत पुरीन तुम्हाला."

पण अंथरूण तिनं धरलं. उन्हाळ्याच्या शेवटी पाय सुजले, मग श्वास लागू लागला. गावातल्या बायका पाळीपाळीनं येऊन बसत होत्या, लिमला पलंगाजवळ जायला जागा मिळत नव्हती. अशाच एका दुपारी मिआव-इन चार भिक्षुणींना घेऊन आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मठानं ठरवलं होतं. स्यू-माई भिक्षुणी नसल्या तरी त्यांना भिक्षुणीचा मान द्यायचा. वरच्या अंगणात चंदन घालून त्यांचं दहन करायचं, आणि राख दगडी स्तूपात ठेवायची, मागच्या थोरल्या भिक्षुणीच्या शेजारी. आजवर कुठल्याही संसारी बाईला हा मान मिळाला नव्हता.

बायका रडायला लागल्या. को-सेंग दारातच गुडघ्यावर बसला आणि त्यानं जमिनीला कपाळ लावलं. लिम मागे उभा होता. बायकांच्या खांद्यांवरून त्याला मरजानचे डोळे दिसले. त्या दोघांच्या लोकांत आग ही नरकाची असते. ज्या देहाला अल्लानं मातीतून केलं, त्याला परत मातीलाच द्यायचं असतं. तिनं बोलायचा प्रयत्न केला, पण दम पुरेना. मिआव-इननं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, नका बोलू, तुम्हाला संकोच वाटतोय ते कळतंय मला.

सगळे गेल्यावर तो जवळ बसला. तिनं श्वास सावरला. मग म्हणाली, "धक्क्यावरच खाल्लं असतं तर बरं झालं असतं हो."

"असं बोलू नकोस."

"आगीत नको. काही करा. तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय," तो म्हणाला. "मातीतच ठेवीन."

दोन दिवसांनी पहाटे ती गेली. त्या क्षणी घरात तो एकटाच जवळ होता, तेवढं एक नशीब. त्यानं तिच्या कानाशी कलमा म्हटला असता, पण दारात बायका जागत बसल्या होत्या. नुसते ओठ हलवले. मग उजाडायच्या आत फावडं घेऊन तो लिचीखाली गेला आणि खड्डा खणायला लागला. कुणी विचारलं तर आतड्यांचा खड्डा म्हणून सांगायचं. आतड्यांसाठी एवढा लांब खड्डा कुणी खणत नाही, पण लोकांना खाटकाच्या खड्ड्यात डोकावायची हौस नसते.

दिवस वर आल्यावर तो तान कारभाऱ्याकडे गेला. तान आता म्हातारा झाला होता, व्याहीच होता. लिमनं हात जोडून सांगितलं, तिची इच्छा मातीत जायची होती. तान खो खो हसला. बायका मोठेपणा मिळाला की लाजतातच. आणि खाटका, तुझ्या घराण्याचं कल्याण होतंय, तू का मोडता घालतोस? लिमनं शेवटचं अस्त्र काढलं. प्रेतं जाळू नयेत असा नव्या बादशहाचा हुकूम आहे, मुलखातल्या कचेरीवर तो लावलाय म्हणतात. हुकूम खरा होता. पण तो डोंगर ओलांडून गावाकडे येईतो त्याचं पाणी व्हायचं आणि मठाला तर कोणी विचारतच नसे.

तान हसायचा थांबला. "मग जा कचेरीत," तो म्हणाला. "फिर्याद दे मठावर. तिथं पहिलं विचारतात, फिर्यादी कोण, कुठल्या गावचा, बापाचं नाव काय, आजाचं काय. सांगशील ना?"

म्हातारा त्याच्याकडे बघत होता. परातीची आठवण त्याला होती की नव्हती, रक्त जमिनीवर सांडलेलं त्याला आठवत होतं की नव्हतं, काही कळायला मार्ग नव्हता. लिम परत फिरला. कायदा त्याच्या बाजूला होता आणि कायद्यापुढे उभं राहायला त्याच्याकडे नावच नव्हतं.

आता एकच माणूस उरला. प्रेतावर हक्क मुलाचा. मुलानं नाही म्हटलं तर मठाला गप्प बसावं लागलं असतं. को-सेंग गोठ्यात डुकरांना कोंडा घालत होता. डोळे सुजलेले, कमरेला सुतकाचं गोणपाट. लिमनं गोठ्याचं दार लावलं आणि त्याला सगळं सांगितलं. होर्मुझ सांगितलं, मशीद सांगितली, आजोबांचं लोबानाचं दुकान, परात, नवस. बोलायची सवय नसल्यामुळे त्याच्या तोंडी उलटसुलट येत होतं. आधी मुलाला वाटलं, दुःखानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग आईनं रानात जाऊन कोंबडा खाल्ला हे ऐकलं आणि तो खाली बसला.

"आई खोटं बोलली सगळ्यांशी?"

"जगायला बोलली. तुझ्यासाठी बोलली."

"मग मला का नाही सांगितलंत कधी?"

"तू जगावास म्हणून."

को-सेंगनं कोंड्याची बादली बाजूला सारली. "आणि आता का सांगताय? मी मरावं म्हणून?" तो उभा राहिला. "उद्या मी मठाला नाही म्हणायचं. लोक का म्हणून विचारणार. मी काय सांगू? माझ्या पोरींची नाकं बघितलीत तुम्ही? धाकटीचं तर आईवर गेलंय. आज लोक म्हणतात, साध्वीचं नाक घेऊन जन्मली. उद्या काय म्हणतील?"

धाकटीचं नाक लिमनंही बघितलं होतं.

"तुम्ही मला काही सांगितलं नाहीत," मुलगा म्हणाला. "मी काही ऐकलं नाही. माझी आई क्वानयिनची भक्त होती." आणि मग आवाज फुटून, "तेवढं तरी राहू द्या ना मला, बाबा."

त्याच्यावर रागवावं तरी कसं? त्यानं तेच केलं जे बापानं धक्क्यावर केलं होतं. समोर आलं ते गिळलं. पण राग आला लिमला, भयंकर आला. मुलावर, तानवर, त्या प्रेमळ भिक्षुणीवर आणि सगळ्यांत जास्त मरून गेलेल्या बाईवर, जिनं एवढी हुशारी केली होती. परात पुढे आली तेव्हा वेळ मारून नेली आणि ती वेळ अशी फिरून आली.

दहन मोठ्या थाटात झालं. आसपासच्या गावांतून माणसं आली. कुणी पूर्वीच्या दिवसांतला राखलेला खरा लोबान आणला होता, त्याचा वास साऱ्या टेकडीवर पसरला. बापाच्या दुकानातला वास. को-सेंगनं आग दिली. लिम जवळ जायला निघाला तेव्हा एका तरुण भिक्षुणीनं त्याला हळूच अडवलं. ज्याच्या हातून रोज जीव जातात त्यानं अशा पवित्र चितेजवळ येऊ नये, माईंच्या पुढच्या वाटेला बाधा येते. ती फार नम्रतेनं म्हणाली. तो भिंतीबाहेर उभा राहिला. जन्मभर ज्या कामाआड लपला त्या कामानंच शेवटी त्याला बाहेर ठेवलं. तो धूर बघत होता आणि मनात तिची माफी मागत होता. माफी द्यायला तिथं कोणी राहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मिआव-इन स्वतः घरी आली. स्तूपात राख ठेवली होती. बायकांनी आजारी पोरांसाठी चिमूट चिमूट नेली होती. नवऱ्यालाही प्रसाद म्हणून तिनं पिवळ्या कागदात थोडी बांधून आणली होती. डोक्याला लावा, तुमच्याही पापाचा भार हलका होईल, म्हणाली. लिमनं दोन्ही हातांनी पुडी घेतली.

ती घेऊन तो लिचीखाली गेला. खड्डा तसाच होता. माणूस पाय पसरून निजेल एवढा लांब आणि त्याच्या हातात सुपारीएवढी पुडी. तो आत उतरला. पांढऱ्या कापडाचा तुकडा त्यानं घरातून आणला होता, त्यात पुडी गुंडाळली. आता उजव्या कुशीवर ठेवायची. तोंड पश्चिमेला करायचं. तो पुडी हातात घेऊन उभा राहिला, इकडून फिरवली, तिकडून फिरवली. राखेला कूस नसते. तोंड तर नसतंच. शेवटी पश्चिमेच्या बाजूला टेकवून ठेवली.

आता नमाज. चार शब्द तर म्हणायचे होते. इथं कोणी नव्हतं, ऐकायला झाड आणि खाली गोठ्यातली डुकरं. मोठ्यानं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यानं हात वर केले. जीभ वळली, अल्लाचं नाव ओठाशी आलं आणि दात मिटले. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा मिटले. किती वर्षं त्यानं त्यांना हेच शिकवलं होतं, आणि ते पक्के शिकले होते. तोंडात रक्ताची चव आली. त्यानं हातानं जबडा धरून ओढून बघितला. हुंदका फुटला तेवढा, शब्द नाही.

खालून को-सेंगनं हाक मारली. तानच्या घरी उद्या नातवाचं बारसं होतं, डुक्कर बांधून ठेवलं होतं, पाणीही उकळलं होतं. लिम खड्ड्यातून वर आला, फावड्यानं माती ओढली आणि जमीन सपाट केली. मग ओट्यावर जाऊन त्यानं परात नीट लावली आणि सुरी हातात घेतली.